शिंगाळ्याच्या पाठीवरचा दुसरा पर

धडगावला शिक्षकांच्या एका शिबिरासाठी गेलो होतो. शाळेच्या व्हरांड्यात काचेची एक टाकी ठेवलेली होती. तीत शहरातल्या दुकानातून आणलेले तीन प्रकारचे मासे होते आणि दुकानदाराने सांगितलेली त्यांची नावे गुरुजींनी चिठ्ठ्यांवर लिहून काचेला डकवली होती : 'सकर', 'कोरी' आणि 'शार्क'. टाकीच्या खाली जमिनीवर एक घमेले होते. त्यात मुलांनी नर्मदेच्या पाण्यातून आणलेले पाच-सहा मासे होते, काही जिवंत, काही मेलेले.

एका शिक्षकांनी प्रश्न केला, "सर, वरचे आणि खालचे, सगळे कॅटफिशच म्हणे. मग यांच्यात सारखं काय? आणि एकापासून दुसरा ओळखायचा कशावरून? रंगावर जावं, तर मासा मेला की रंग उतरतो."

आम्ही मिशांपासून सुरुवात केली. या माशांच्या तोंडाभोवती लांब मिशा असतात, म्हणून इंग्रजीत त्यांना मांजराचे नाव मिळाले आणि आपल्या विश्वकोशी मराठीत 'मार्जारमीन' असा शब्द तयार झाला. त्यांच्या अंगावर इतर माशांसारखे खवले नसतात वगैरे सांगत होतो, तेवढ्यात घमेल्याजवळ उकिडवा बसलेला सहावीतला एक मुलगा म्हणाला, "मिशा तर सगळ्यांनाच आहेत. पाठ बघा ना. याच्या पाठीवर दोन आहेत, याच्या एकच."

दोन काय? पर. मुलाचे म्हणणे अगदी बरोबर होते. संध्याकाळचे सत्र आम्ही आमच्या टिपणांप्रमाणे घेतलेच नाही, घमेल्याभोवतीच बसून घेतले. पुढचा मजकूर त्या गप्पांतून निघालेला आहे. परत आल्यावर त्याला थोडी पुस्तकांची जोड दिली, इतकेच.

आधी माशाचे पर एकदा नीट पाहून घेऊ. छातीशी दोन, पोटाखाली दोन, शेपटीचा एक, शेपटीच्या अलीकडे खालच्या बाजूला एक (याला गुदपर म्हणतात) आणि पाठीवर एक. परात बारीक काड्या असतात आणि त्यांच्यामध्ये पातळ पडदा ताणलेला असतो. छत्री आठवा. पुष्कळ कॅटफिशमध्ये पाठीच्या आणि छातीच्या परांची पहिली काडी जाड होऊन तिचा टणक काटा बनलेला असतो. हा काटा उभा राहिला की बुडाशी अडकून बसतो आणि मग नुसता दाबून खाली जात नाही. बाजारातून आणलेल्या मेलेल्या माशावर हे करून पाहता येते, मात्र मुलांच्या हाती देण्याआधी टोकाला बुचाचा तुकडा खोचावा. याशिवाय काही कॅटफिशच्या पाठीवर, पहिल्या परामागे शेपटीकडे, आणखी एक पर असतो. तो मऊ आणि मांसल असतो, त्यात बहुधा काड्या नसतात. त्याला मेदपर म्हणतात. मेद म्हणजे चरबी, पण या परात चरबी फारशी नसते. नाव चुकीचे पडले आणि ते तसेच चालत राहिले. शास्त्रात असे पुष्कळदा होते.

घमेल्यातल्या ज्या माशाला 'दोन' होते तो शिंगाळा होता. त्याच्या पाठीवर एक काटा आणि सात काड्यांचा पहिला पर, मागे चांगला मोठा मेदपर, आणि त्या मेदपराच्या मागच्या टोकाशी काळा ठिपका. ज्याला 'एकच' होता तो शिवडा. त्याचा पाठीचा पर अगदी लहान, जेमतेम पाच काड्यांचा, आणि काट्याशिवाय. मेदपर मुळीच नाही. उलट पोटाखालचा गुदपर मात्र पार शेपटीपर्यंत गेलेला, ऐंशी-नव्वद काड्यांचा. दोघेही मिशाळ, दोघेही बिनखवल्याचे, दोघेही दुसऱ्या माशांवर जगणारे. पण परांकडे पाहिले की क्षणात वेगळे होतात.

पराच्या काड्या मोजून मासा ओळखायचा, ही रीत स्वीडनच्या पीटर आर्तेदी याने पक्की केली. त्याचा जन्म १७०५ सालचा. लिनियसचा तो विद्यार्थिदशेतला मित्र. आपल्यापैकी जो आधी मरेल त्याचे लिखाण दुसऱ्याने छापायचे, असा दोघांचा करार होता. १७३५ साली ॲमस्टरडॅममध्ये रात्री परत येताना आर्तेदी कालव्यात पडून बुडाला. माशांवर आयुष्य वेचलेला माणूस तिशीत पाण्यातच गेला. लिनियसने शब्द पाळला आणि १७३८ साली त्याचे पुस्तक छापले. पुढे लिनियसने १७५८ साली माशांचे वर्ग पाडले तेही पोटाचे पर कुठे आहेत, मुळात आहेत की नाहीत, यावरूनच.

पण त्याच ग्रंथात लिनियसची एक गंमत झालेली आहे. दक्षिण अमेरिकेतला, अंगावर हाडांचे चिलखत असलेला आणि तोंडाने दगडाला चिकटणारा एक कॅटफिश त्याच्याकडे आला होता. चिलखत पाहून त्याने तो स्टर्जन माशांत टाकला. आणि स्टर्जनना तर त्याने तेव्हा मत्स्यवर्गातही ठेवले नव्हते, 'पोहणाऱ्या उभयचरांत' धरले होते! म्हणजे धडगावच्या टाकीत काच चाटत बसलेल्या 'सकर'चा चुलता शास्त्रात प्रथम आला तो बेडकांच्या बिऱ्हाडात.

आता आपल्याकडे येऊ. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरचे पुस्तक १८२२ साली निघाले. त्याने एक फार चांगली गोष्ट केली. लोक माशाला जे नाव देत तेच त्याने शास्त्रीय नाव म्हणून वापरले. रिटा, आओर, टेंगरा, बटासिओ, पाबदा ही नावे बंगालच्या आणि उत्तरेकडच्या नद्यांवरून थेट लॅटिनच्या पंगतीत जाऊन बसली.

दख्खनमध्ये हेच काम विल्यम हेन्री साइक्स याने केले. मुंबई सरकारने १८२४ साली या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. गावांची खानेसुमारी, पिके, मोजमापे, पाऊस यांची नोंद करता करता हा गृहस्थ पक्षी, सस्तन प्राणी आणि मासेही गोळा करत होता. नोकरी संपवून विलायतेला परतल्यावर त्याने दख्खनच्या माशांवरचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवला. त्याचा सारांश १८३९ साली छापून आला आणि चित्रांसह पूर्ण निबंध १८४१ साली.

त्या निबंधातली नावे मोठ्याने वाचून पाहा : सीनघाला, गोग्रा, कुटुर्नी, टाक्री, गूंगवारी. इंग्रजाच्या कानाने ऐकलेली ही मराठी आहे. सीनघाला म्हणजे आपला शिंगाळा. गोग्रा म्हणजे घोगरा. माशांच्या इतर कुळांतही खुद्री, कोलस, मुल्ल्या, पोटेल अशी नावे आहेत. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात आज शिंगाळ्याच्या बाटलीवर 'स्पेराटा सीनघाला' अशी चिठ्ठी असते, तिच्यातला अर्धा भाग भीमा-मुळामुठेच्या काठच्या भोयांचा आणि कोळ्यांचा आहे. नावे सांगणाऱ्या त्या माणसांची नावे मात्र छापली गेली नाहीत. (घोगरा हे नाव आवाजावरून पडले असावे, असा आमचा तर्क आहे. कॅटफिश छातीचा काटा खोबणीत घासून करकर असा आवाज काढतात. पाण्याबाहेर काढलेला घोगरा ज्याने हातात धरला आहे, त्याला हे सांगावे लागणार नाही.)

दुसरे, म्हणजे जातीचे नाव, साइक्सने लोकांकडून घेतले. पहिले नाव, म्हणजे प्रजातीचे, त्याला पुस्तकांतून शोधावे लागले आणि तिथे सगळा घोटाळा झाला. शिंगाळ्याला त्याने 'प्लॅटिस्टोमा'त घातले, म्हणजे चपट्या तोंडाच्यात. घोगऱ्याला आणि कुटुर्नीला 'फ्रॅक्टोसेफॅलस'मध्ये, म्हणजे चिलखती डोक्याच्यात. सिलोनिया या आज वेगळ्या मानल्या जाणाऱ्या माशाला त्याने 'एजिनिओसस'मध्ये, म्हणजे बिनदाढीच्यात घातले. ही तिन्ही नावे दक्षिण अमेरिकेतल्या माशांना दिलेली होती! साइक्सची निरीक्षणे खोटी नव्हती. शिंगाळ्याचे तोंड खरेच पसरट असते, घोगऱ्याच्या डोक्यावर खरखरीत हाडांचे कवच असते आणि सिलोनियाच्या मिशा नावालाच असतात. चूक एवढीच की डोके, तोंड आणि दाढी जुळली म्हणून त्याने कूळ जुळवले.

तुमच्यापैकी कोणी शहरात मत्स्यालयाच्या दुकानात गेला असाल, तर 'रेडटेल कॅटफिश' म्हणून तांबड्या शेपटीचा, पांढऱ्या पट्ट्याचा मासा पाहिला असेल. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला खरा फ्रॅक्टोसेफॅलस तो. आता त्याच्या पाठीवरचा दुसरा पर पाहा. इतर कॅटफिशचा मेदपर नुसता मऊ असतो, याच्या मेदपराच्या कडेला मात्र टणक काड्या आलेल्या असतात. १८०१ साली त्याला जे जातीचे नाव दिले गेले त्याचा अर्थच 'दीड पराचा' असा होतो. घोगऱ्याच्या मेदपरात असे काही नसते. साइक्सने डोक्याऐवजी पाठीवर जास्त भर दिला असता, तर पुण्याचा घोगरा ॲमेझॉनला गेला नसता.

डोक्याकडून परांकडे हा मोर्चा वळला १८६४ साली. ब्रिटिश म्युझियममध्ये आल्बर्ट ग्युंथर जगभरच्या माशांची सूची करत होता. तिच्या पाचव्या खंडात त्याने कॅटफिशचे आठ गट पाडले, त्यांतल्या पाचांच्या नावांत 'प्टेरी', म्हणजे पर, हा शब्द आहे. पाठीचा आणि गुदाचा पर दोन्ही लांबच लांब, असा एक गट. आपला मागूर यात येतो. पाठीचा पर इवलासा आणि गुदपर लांब, असा दुसरा. यात शिवडा आला. पाठीचा पर पुढे, काट्यासह, गुदपर आखूड आणि मागे मेदपर, असा आणखी एक. यात शिंगाळा आला. आम्ही घमेल्यातले मासे याच रीतीने वेगळे करून ओळीने मांडले, तेव्हा एका बाईंनी विचारले, "एवढं सोपं आहे, तर मग आधी का नाही सुचलं?" याचे उत्तर असे, की दहा मासे असले तर सगळे सोपे असते. ग्युंथरपुढे जगभरचे शेकडो होते, आणि तेही दारूत बुडवलेले, रंग उडालेले. अशा माशांवर रंगाचा भरवसा उरत नाही, मिशा तुटलेल्या असतात. पराच्या काड्या मात्र मोजता येतात.

भारतापुरते हे काम फ्रान्सिस डे याने तडीस नेले. तो मद्रासकडचा लष्करी डॉक्टर, पुढे हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा मुख्य निरीक्षक. त्याचा 'फिशेस ऑफ इंडिया' १८७५ ते १८७८ या काळात निघाला आणि आजही मासे ओळखणारे तो उघडतात. डेने शिंगाळा आणि टेंगरे 'मॅक्रोनेस' या नावाखाली ठेवले. पुढे लक्षात आले की हे नाव आधीच एका भुंगेऱ्याला दिलेले आहे. मग माशांना दुसरे नाव, मग त्यातून शिंगाळा वेगळा, असे होत होत त्याचे पहिले नाव चार-पाचदा बदलले. १९९९ साली या प्रजातीचा नव्याने अभ्यास झाला तेव्हा 'स्पेराटा' स्थिरावले. या सगळ्या धांदलीत दुसरे नाव, मराठी माणसाने सांगितलेले, जागचे हलले नाही.

डेच्या धर्तीवर वर्गात काय करता येईल? मासा आडवा ठेवावा आणि आधी मेदपर आहे का ते पाहावे. नसेल तर पाठीचा पर पाहावा. तो लांबलचक असला तर मागूर. आखूड असला तर शिवडा, पाबदा किंवा शिंगी. यातल्या शिंगीला हात लावू नये, तिच्या छातीच्या काट्यात विष असते. मेदपर असेल तर तो कुठून सुरू होतो ते पाहावे. टेंगऱ्यांतल्या कवासिअस या जातीत तो पाठीच्या परामागे लगेच सुरू होऊन शेपटीकडे लांबवर जातो. व्हिटॅटस या जातीत तो आखूड असतो आणि दोन्ही परांमध्ये मोकळी जागा राहते. घोगऱ्यात लहानसा असतो. सिलोनियात तर शोधावा लागतो.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. शिंगाळा आणि त्याचा भाऊबंद आओर, दोघांच्याही मेदपरावर काळा ठिपका असतो. ठिपका दिसला म्हणून 'शिंगाळा' असे लिहून मोकळे होऊ नये. इथे पुन्हा मिशांकडेच जावे लागते. आओरच्या वरच्या जबड्याच्या मिशा मागे नेल्या तर शेपटीच्या बुडापर्यंत पोचतात, शिंगाळ्याच्या त्याआधीच संपतात. परांनी घराणे सांगितले, पण भाऊ कोणता ते मिशांनी सांगितले.

परांवर सर्वस्वी विसंबू नये हे विसाव्या शतकात हळूहळू उमगत गेले. १९११ साली लंडनच्या टेट रेगनने कॅटफिशची नवी मांडणी केली ती कवटीच्या आणि मणक्यांच्या हाडांवरून. ग्युंथरचे परांचे गट मोडले. पण याच प्रश्नाचा सर्वांत रंजक अध्याय धडगावच्या मागेच उभ्या असलेल्या डोंगराशी जोडलेला आहे.

सुंदरलाल होरा हे कलकत्त्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतले मत्स्यतज्ज्ञ, पुढे तिचे संचालक. डोंगरातल्या खळाळत्या पाण्यात मासे वाहून कसे जात नाहीत, या प्रश्नाने त्यांना तरुणपणीच झपाटले होते. १९२२ साली त्यांनी यावर लिहिले. अशा माशांचे छातीचे आणि पोटाचे पर आडवे पसरलेले असतात, ते दगडावर टेकतात. काही कॅटफिशच्या छातीवर तर चुण्यांची चिकटण्याची गादीच असते. होरांना दिसले की असे मासे आसाम-हिमालयाच्या पायथ्याशी आहेत आणि एकदम सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला आहेत, मधे नाहीत. बटासिओ नावाच्या लहानशा कॅटफिशचेच घ्या. हॅमिल्टनला तो उत्तर बंगालच्या तिस्ता नदीत भेटला होता. त्याचा एक भाऊ १९४१ साली होरा आणि लॉ यांनी थेट त्रावणकोरमधून नोंदवला. हे मासे इतक्या लांब गेले कसे?

होरांचे उत्तर होते : सातपुड्यावरून. कोणे एके काळी ही रांग अधिक उंच आणि अधिक पावसाची असावी, पूर्वेकडे ती आसामच्या डोंगरांशी जोडलेली असावी आणि ओढ्याओढ्यांनी सरकत हे मासे पश्चिमेला येऊन मग सह्याद्रीवरून दक्षिणेला उतरले असावेत. १९४४ पासून त्यांनी ही मांडणी केली. १९४९ साली तिच्यावर खास परिसंवाद झाला. 'सातपुडा सिद्धांत' म्हणून ती जगभर गाजली. त्याआधी, १९४१ साली, होरा आणि नायर यांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या माशांची यादीही प्रसिद्ध केली होती. हे सांगितल्यावर शिबिरातले सगळे जण खिडकीतून बाहेर पाहू लागले. ज्या डोंगरातून रोज एस. टी. चढते-उतरते तो माशांचा हमरस्ता असेल, ही कल्पना कोणाच्या मनात आलेली नव्हती.

मग तो होता का? पुढच्या अभ्यासकांनी बऱ्याच शंका काढल्या. सातपुडा तेवढा उंच होता याला भूगर्भातून पुरावा मिळेना. शिवाय मुळावरच घाव घालणारी शंका अशी होती, की जोरदार पाण्यात राहायचे म्हटले की दोन वेगळ्या घराण्यांतल्या माशांचे परही वेगवेगळे राहून सारखे होऊ शकतात. सारखे पर हे नात्याचे लक्षण, की सारख्या सवयीचे? साइक्सने डोक्याच्या बाबतीत जी गफलत केली तिचा धोका परांच्याही बाबतीत आहेच. आमच्या मते होरांचे मोठेपण उत्तरात नाही, प्रश्न इतक्या नेमकेपणाने मांडण्यात आहे. माशाचा पर आणि डोंगराचा इतिहास एकाच वाक्यात आणणारा माणूस विरळा.

मेदपराच्या बाबतीतही हाच प्रश्न अलीकडे पुन्हा पुढे आला. सालमन, पिऱ्हानाचे भाऊबंद आणि कॅटफिश, तिघांच्याही पाठीवर मेदपर असतो. तो एकाच पूर्वजाकडून आला असावा असा समज होता. २०१४ साली जीवाश्म आणि वंशवृक्ष तपासून दाखवले गेले की माशांच्या इतिहासात मेदपर एकदा नव्हे, अनेकदा स्वतंत्रपणे उगवला आहे. तो निरुपयोगी आहे असेही फार काळ मानत. मत्स्यशेतीत खूण म्हणून सालमनचा हाच पर कापत, कशाला अडत नाही म्हणून! २०१६ साली 'कोरी' या माशावर, म्हणजे धडगावच्या टाकीत वाळू हुंगत फिरणाऱ्या त्या छोट्या माशाच्या जातीवर, प्रयोग झाले. त्याच्या मेदपरात मज्जातंतू आहेत आणि पर वाकला की ते संदेश पाठवतात असे आढळले. शेपटीच्या पुढे पाण्याची हालचाल कशी आहे याची ती चाचपणी असावी. (या कोरीचेही पहिले नाव २०२४ साली बदलले. चिठ्ठी पेन्सिलने लिहिलेली बरी.)

आता टाकीतल्या बाकीच्या दोघांकडे. 'शार्क' हा मुळीच शार्क नव्हे. मेकाँगकडचा पंगस तो. पाठीवर काट्याचा पर आणि मागे एवढासा मेदपर, हे त्याचे खरे ओळखपत्र. हाच मासा मोठा करून बाजारात विकला जातो. तो काही किलोंचा होतो हे दुकानदार सांगत नाही.

'सकर'ची गोष्ट जास्त गंभीर आहे. दुकानात चिलखती सकरांना सर्रास 'प्लेको' म्हणतात, लिनियसच्या त्या जुन्या नावावरून. पण लिनियसच्या माशाच्या, म्हणजे हायपोस्टोमसच्या, पाठीच्या परात काट्यामागे सात काड्या असतात. दुकानातले बहुतेक सकर टेरिगॉप्लिक्थिस असतात आणि त्यांच्या पाठीचा पर शिडासारखा मोठा असतो, त्यात बहुधा दहा किंवा जास्त काड्या. हा मासा हातभर वाढतो, टाकीत मावेनासा होतो आणि मग लोक दयेपोटी त्याला नदीत किंवा तलावात सोडतात. तिथे तो काठाला बिळे करून अंडी घालतो. चिलखतामुळे त्याला सहसा कोणी खात नाही. जाळ्यात आला तर काट्यांनी जाळे फाडतो. भारतात कितीतरी ठिकाणी तो आता स्थायिक झाला आहे. ज्या भीमेच्या खोऱ्यात साइक्सने मासे गोळा केले तिथेच, उजनीच्या मच्छीमारांनाही तो जाळ्यात सापडू लागला आहे.

आफ्रिकी मागराची अडचण वेगळी. २००० साली केंद्र सरकारने त्याच्यावर बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातो. त्याला देशी मागरापासून वेगळे करायला परांचा काही उपयोग होत नाही. दोघांचाही पाठीचा पर लांब, काड्यांची संख्या जवळपास तीच. तिथे डोक्याच्या मागच्या हाडाचा आकार पाहावा लागतो : देशी मागरात तो गोलसर, आफ्रिकीत कोनदार. म्हणजे इथे साइक्सचीच रीत, डोके पाहण्याची, कामी येते.

महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा सुमारे ५४ किलोमीटर आली आहे, ती अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तर सीमेवर. बराकपूरच्या केंद्रीय संस्थेने १९५८ ते १९६६ या काळात नर्मदेच्या माशांची पाहणी केली होती, १९६७ साली ती छापली गेली. नदीवर मोठी धरणे बांधली जाण्याआधीची ती नोंद आहे आणि तिच्यात शिंगाळा, आओर, शिवडा, रिटा सगळे आहेत. सरदार सरोवराची भिंत २०१७ साली पूर्ण झाली आणि २०१९ साली धरण प्रथमच पूर्ण पातळीला भरले. महाराष्ट्रातली ३३ गावे त्याच्या बुडिताखाली येतात. वाहते पाणी उभे राहिले की मासे बदलतात. खळाळात राहणारे मागे हटतात आणि संथ पाण्यातले वाढतात. ज्या घरांची शेती पाण्याखाली गेली त्यांतली कित्येक आता याच पाण्यातल्या माशांवर पोट भरतात. अशा पाण्यात सकराची एक जोडी कोणी दयेने सोडली, तर फाटणारे जाळे कोणाचे असेल ते सांगायला नको.

हे बोलणे चालू असताना टाकी ज्यांच्या वर्गाची होती ते गुरुजी गप्प होते. मग म्हणाले, "आमचा सकर मोठा झालाय. या पावसाळ्यात त्याला खाली नर्मदेत सोडायचं असं पोरांशी ठरलं होतं."

सकर जाळीने बाहेर काढला आणि ओल्या फडक्यावर ठेवला. घमेल्याजवळच्या त्या मुलाने पाठीचा पर दोन बोटांनी अलगद उघडला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बाकीच्यांनी एका सुरात काड्या मोजल्या. काटा सोडून बारा. मासा परत टाकीत गेला. सोडायचे रद्द झाले, मोठी टाकी कुठून आणायची यावर वाद सुरू झाला. मुलाने वहीत पाच पाठी काढल्या, नुसत्या पाठी, बाकी मासा नाही. प्रत्येकीखाली त्याने आपल्या बोलीतले माशाचे नाव लिहिले. सकराच्या पाठीखाली मात्र जागा कोरी ठेवली, कारण त्याच्या बोलीत त्या माशाला नाव नव्हते.